तासाला पावणेचार मिनिटं

राजापेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान पंचवीसेक वर्षं चाललं. ते बंद केल्यापासून कुणी भेटलं की विचारतं, "मुळे सर, सगळ्यात अवघड बिघाड कोणता काढला?" मी तिवस्याच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगून वेळ मारून नेतो. ते मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आले होते, आणि खालची पेटी, म्हणजे खरा संगणक, घरीच ठेवून आले होते. "चित्र तर याच्यातच दिसते ना? मंग बिघाडही याच्यातच असन," असं त्यांचं म्हणणं. ऐकणारा हसतो, आणि मी सुटतो.

खरं उत्तर वेगळं आहे. सगळ्यात अवघड बिघाड मी काढलाच नाही. तो का आला हे मला कळलं नाही, का गेला हेही कळलं नाही. त्याच्यापायी एका बाईंवर खोटेपणाचा आळ आला, आणि तो आळ माझ्या तोंडून आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

अकोल्यात एका ट्रस्टची रक्तपेढी आहे. तिचे संगणक माझ्याकडे होते. महिन्यातून एकदा अमरावतीहून सकाळच्या बसनं जायचं, धूळ झाडायची, प्रिंटर पाहायचा आणि चहा पिऊन परत यायचं. तिथला मुख्य संगणक फार जुना होता. कोण दाता, कोणता गट, पिशवी कधी घेतली, कधी संपते, कुणाला दिली, हे सगळं त्याच्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये होतं. तो प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ कुठे गेले कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले. नव्या संगणकावर टाकला की उघडायचाच नाही. एके दिवशी त्या पेटीतून खरखर आवाज यायला लागला. डिस्क जाण्याआधी असा आवाज येतो, हे आमच्या धंद्यात लहान पोरालाही कळतं.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. सरनाईक मॅडम. बोलणं मोजकं, पण माणूस सरळ. त्यांनी विचारलं, "यावर उपाय काय?"

उपाय होता. एका दांडग्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर दुसरी यंत्रं उभी करता येतात. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या यंत्राला वाटतं आपण खरेच आहोत, आपल्याला खरी डिस्क आहे, खरं घड्याळ आहे. जुन्या संगणकाची जशीच्या तशी नक्कल करून ती अशी आत बसवली, की जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर सुखानं चालतो. मोठ्या कंपन्या हे रोज करतात. पण त्यासाठी सर्व्हर लागतो, आणि हे सॉफ्टवेअर कोणकोणत्या यंत्रांवर चालेल याची यादी ते बनवणारेच देतात. यादीबाहेरच्या यंत्राची जबाबदारी ते घेत नाहीत.

ट्रस्टकडे सर्व्हर नव्हता. होतं एक वर्कस्टेशन, म्हणजे टेबलावरचाच पण ताकदवान संगणक. शहरातल्या एका आर्किटेक्टनं इमारतींची चित्रं काढायला घेतलेला. त्याच्या आईला इथून रक्त मिळालं होतं, म्हणून त्यानं तो देऊन टाकला. यंत्र देखणं होतं, नवं होतं, आणि यादीत नव्हतं.

"चालेल ना याच्यावर?" मॅडमनी विचारलं.

"चालेल," मी म्हणालो. "दोन तासांचं काम."

तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर अर्ध्यात थांबलं आणि म्हणालं, नेटवर्क कार्ड सापडत नाही. कार्ड समोर होतं, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, पण यादीत नसलेलं कार्ड त्याच्या लेखी नव्हतंच. मी अमरावतीला परतलो, दुकानातल्या भंगाराच्या खोक्यातून पंधरा वर्षांपूर्वीचं एक कार्ड शोधलं, ते दुसऱ्या दिवशी नेऊन बसवलं, आणि आश्चर्य म्हणजे सॉफ्टवेअरनं ते लगेच ओळखलं. मग पुढे सरकलं आणि पडदा जांभळा झाला. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीचा ढीग. त्याचा मथितार्थ असा, की या प्रोसेसरचे सगळे गाभे, म्हणजे कोर, सारखे नाहीत. नव्या संगणकांत काही गाभे मोठे, जोरदार असतात आणि काही लहान, वीज वाचवणारे. सर्व्हरवर वाढलेल्या या सॉफ्टवेअरला असा दुजाभाव ठाऊक नव्हता. ते घाबरून बसलं.

तिसऱ्या दिवशी इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाचं लिखाण सापडलं. सुरू होताना अमुक एक ओळ टाइप करा, म्हणजे गाभे सारखे आहेत की नाहीत हे ते तपासणार नाही. मी ओळ टाइप केली. यंत्र सुरू झालं. काय केलं ते मला नीट कळलं नव्हतं. एवढंच कळलं की मी त्याला डोळे मिटून घ्यायला सांगितलं होतं.

जुन्या संगणकाची नक्कल आत बसवली. प्रोग्रॅम उघडला. अजून एक अडचण होती. आतल्या यंत्राचं घड्याळ बाहेरच्या यंत्राशी जुळवून घेण्याची एक सोय असते. ती चालू असली की जुना प्रोग्रॅम मध्येच बंद पडे; कुणी घड्याळाशी छेडछाड करून राहिलं असं त्याला वाटे. मी ती सोय बंद केली. प्रोग्रॅम गुमान चालायला लागला. दर रविवारी दुपारी दोनला आतलं यंत्र आपोआप बंद होऊन त्याची प्रत निघेल आणि ते परत सुरू होईल, अशी व्यवस्था लावली. जुना संगणक पुसून कपाटात ठेवला आणि घरी आलो. त्या बसमध्ये मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पहिले दोन आठवडे मी दर दोन-तीन दिवसांनी जात होतो. सगळं उत्तम. मग जाणं कमी केलं.

एका शनिवारी दुपार व्हायच्या आत मॅडमचा फोन आला. "मुळे सर, ताबडतोब या."

त्या सकाळी चार पिशव्यांवर जी लेबलं छापली गेली होती, त्यांवर शुक्रवारची तारीख होती. बाहेरच्याला वाटेल, एका दिवसाचं काय एवढं? पण रक्तपेढीत तारीख म्हणजेच सगळं. लाल रक्त महिनाभर टिकतं, पण प्लेटलेट्स पाचच दिवस. डेंगीच्या दिवसांत त्यांच्यासाठी लोक रांगेत उभे असतात. लेबल चुकीचं म्हणजे चांगली पिशवी फेकली जाते, नाही तर संपलेली दिली जाते. तपासणीला येणारे साहेबही सगळ्यात आधी तारखाच पाहतात.

सकाळच्या पाळीला वंदनाताई होत्या. वंदनाताई इंगळे, वयानं पन्नाशीच्या, पेढीतल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. माहेर अंजनगाव सुर्जीचं, सासर अकोल्याजवळ, घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, लिली. त्यांचे यजमान पहाटे फुलं तोडून बाजारात नेतात.

मी पोचलो आणि सवयीनं पहिलं काम केलं ते म्हणजे सगळं यंत्र बंद करून परत सुरू केलं. आमच्या धंद्यातला हा पहिला मंत्र. निम्मे बिघाड त्यानंच जातात. मग घड्याळ पाहिलं. बरोबर होतं. एक चाचणीचं लेबल छापलं. तारीख बरोबर. मग प्रोग्रॅमची नोंदवही उघडली, जिच्यात कुणी, किती वाजता, काय केलं हे आपोआप लिहिलं जातं. तिथे दिसलं की त्या चार पिशव्यांची नोंद वंदनाताईंच्या पासवर्डनं झाली आहे, आणि वेळ आहे शुक्रवारी रात्री अकरा चाळीस.

मी बुचकळ्यात पडलो. रात्रीच्या पाळीला दुसरा माणूस होता. मॅडमच्या केबिनमध्ये मी ते सांगितलं. वंदनाताईंना बोलावलं गेलं.

"काल रात्री तुमी इथी आल्या होत्या का?" मी विचारलं.

"रात्री? काहून येऊ मी रात्री?"

"तुमच्या पासवर्डनं अकरा चाळीसला नोंदी झाल्या आहेत."

"सर, मी आज सकाळी आठ वाजून गेल्यावर केल्या त्या नोंदी. माया हातानं केल्या."

मॅडम म्हणाल्या, "पासवर्ड कुणाला दिला होता का? रात्रीच्या माणसाला? काम हलकं व्हावं म्हणून? खरं सांगा, मी काही करणार नाही."

"नाई मॅडम. कोनालेच नाई दिला. अकराले तर आमच्या घरी सारेच झोपलेले असतात, आमच्या यायले चारले उठून फुलं तोडा लागतात. पाहिजे तं त्यायले विचारा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमची मशीनच चुकली असन."

इथे मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "ताई, माणूस विसरतो. यंत्र खोटं कशाला लिहील?"

त्यांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर सारखा करून बाहेर गेल्या. सोमवारी त्यांच्या फाइलमध्ये एक कागद लागला: पासवर्डचा गैरवापर, सक्त ताकीद. पिशव्यांच्या खोलीतून त्यांना समोरच्या काउंटरवर बसवण्यात आलं. दात्यांची नावं लिहायची, पावती द्यायची, बिस्किटं द्यायची. अठरा वर्षं रक्ताच्या पिशव्या हाताळलेली बाई. त्यांची सकाळची पाळी गजाननला मिळाली. गजानन तोवर दुपारच्या पाळीला असे. तरतरीत माणूस, संगणकावर बोटं भराभर चालायची.

मी परत आलो, पण डोक्यात काही तरी खुपत होतं. त्या चार नोंदींखेरीज मी नोंदवहीतलं काहीच पाहिलं नव्हतं. गजाननच्या नोंदी पाहिल्या असत्या, तर शुक्रवारी भर दुपारी त्यानं केलेलं काम सकाळी साडेसातच्या सुमाराला झाल्याचं तिथे दिसलं असतं, आणि सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला असता. पण गजाननवर कुणाचा संशय नव्हता, म्हणून त्याच्या नोंदी मी पाहिल्याच नाहीत.

मध्ये दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी सकाळी लेबलं छापायची नव्हती. दुसऱ्या शनिवारी दोन पिशव्यांवर पुन्हा आदल्या दिवसाची तारीख आली, पण गजाननला वाटलं आपलंच काही चुकलं. त्यानं गुपचूप नवी लेबलं छापून वरून चिकटवली. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी आठच्या आधी एक माणूस डेंगीच्या पोरीसाठी प्लेटलेट्स न्यायला आला. पोरीचा बाप. हॉस्पिटलची चिठ्ठी हातात, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा. गजाननने पिशवीचा नंबर टाकला, पडद्यावर हिरवी खूण आली, म्हणजे पिशवी मुदतीत आहे. त्यानं ती काउंटरवर आणून दिली. पावती वंदनाताईंनी करायची होती.

त्यांनी पावती केली नाही. पिशवी हातात घेऊन लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"गजाननभाऊ, हे तं काल संपली."

"नाई ताई, हिरवं दाखवून राहिलं ना कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर काय दाखवते ते नका सांगू मले. हे वाचा. आज काय वार?"

गजाननने वाचलं. शुक्रवारची तारीख होती. ती मुदत शुक्रवारी मध्यरात्रीच संपली होती. बाप नुसता एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. वंदनाताई त्याला म्हणाल्या, "दादा, पाच मिनिटं बसा. तुमच्या पोरीले चांगली पिशवी देतो." आत दुसरी पिशवी होती, ताजी. ती त्यांनी स्वतः लेबल वाचून, गजाननकडून मोठ्यानं वाचून घेऊन, त्याच्या डब्यात ठेवली.

मग त्यांनी मला फोन केला. मॅडमला नाही, मला.

"सर, या. अन् एक सांगतो, आल्या आल्या बंद-चालू करू नोका. कोनालेच हात लावू नाई देत मी आता त्या मशीनले. तुमी येऊन आधी मायाजवळ बसा."

"काय झालं ताई?"

"या तं खरं."

अमरावती ते अकोला दोन-अडीच तास. सगळ्या वाटेत मी मनात एकच गोष्ट घोळवत होतो: पुन्हा तारीखच चुकली असेल, तर या खेपेला ती गजाननच्या पासवर्डनं, मग रात्री येऊन दोघांचे पासवर्ड वापरणारा हा तिसरा कोण? मला अजूनही एखादा माणूसच हवा होता.

वंदनाताईंनी काउंटरच्या खणातून पावत्यांचा एक गठ्ठा काढला. दात्याला पावती दिली की तिची एक प्रत पेढीत राहते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत वेळ छापलेली असते. ती कधीच कुणी वाचत नाही. मी स्वतः ती छापायची व्यवस्था चालू ठेवली होती आणि मलाही तिचा विसर पडला होता. प्रत्येक प्रतीवर त्या छापील वेळेशेजारी निळ्या पेननं दुसरी वेळ लिहिलेली होती.

"हे भिंतीवरच्या घड्याळाची," त्या म्हणाल्या. "माया मनात शंका होती. मी खोटं बोलत नाई तं मंग कोन बोलते? म्हनून रोज दहाच्या पावतीवर लिहून ठेवत गेली. पाहा तुमीच."

मी पाहिलं. सोमवारी दहाच्या पावतीवर छापलेलं होतं पावणेनऊ. मंगळवारी दहाला, सव्वासात. बुधवारी पावणेसहा. रोज दीड तास मागे. शनिवारी सकाळपर्यंत साडेआठ तास. म्हणजे शनिवारी सकाळी आठ-दहाला यंत्राच्या मते शुक्रवारच्या रात्रीचे अकरा चाळीस वाजलेले असत. मी कागदावर भागाकार केला. तासाला पावणेचार मिनिटं. आतल्या यंत्राचा प्रत्येक तास पावणेचार मिनिटांनी लांबत होता, आणि प्रोग्रॅम सगळा पडदा व्यापत असल्यामुळे कोपऱ्यातलं घड्याळ कुणाला दिसत नव्हतं.

"अन् रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी संध्याकाळी बरोबर असते. अन् तुमी आले का बरोबर असते. तुमी आले का ते शहान्यावानी वागते, सर."

रविवारी दुपारी प्रत निघताना आतलं यंत्र बंद होऊन सुरू होई, आणि सुरू होताना ते बाहेरच्या यंत्राकडून खरी वेळ घेई. मी आल्यावर तेच करत होतो. पुरावा यंत्रात होता, आणि दर वेळी आल्या आल्या मी तो माझ्या हातानं पुसत होतो. उरलेल्या दिवसांत ते स्वतःला दुरुस्त करू शकत नव्हतं, कारण ती सोय मीच बंद केली होती.

वंदनाताईंनी चहा आणवला. माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "ताई, चला, मॅडमकडे जाऊ."

"तुमी जा. माया समोर नोको."

"नाही. तुमच्या समोर बोललो होतो."

केबिनमध्ये मी उभ्यानंच सांगितलं. घड्याळ मागे पडत होतं, ते जुळवायची सोय मी बंद केली होती, नोंदवही मी नीट वाचली नव्हती, आणि ताईंवर आळ मी घेतला होता. मॅडमनी सगळं ऐकलं. पावत्या एक-एक करून पाहिल्या. मग गजाननला बोलावून त्या सकाळची हकीकत ऐकली. त्यांचा चेहरा उतरला.

"इंगळेताई," त्या म्हणाल्या, "मी त्या कागदावर सही केली. मी तुम्हाला अठरा वर्षं ओळखते, तरी केली." मग माझ्याकडे वळून, "पण हे घड्याळ मागे का पडत होतं?"

"शोधतो," मी म्हणालो.

"शोधा, आणि लेखी द्या. फाइलमध्ये तो कागद लागेल. कारणासकट."

त्या दिवसापुरतं यंत्रावर भरवसा ठेवायचा नाही, तारीख माणसानं मोठ्यानं वाचायची, असं ठरलं. गेल्या महिनाभरातल्या सगळ्या पिशव्यांची कागदोपत्री तपासणी झाली. चुकीची एकही बाहेर गेली नव्हती.

मग मी कारण शोधायला बसलो, आणि इथून पुढे मला काहीच समजलं नाही. आधी वाटलं, आतलं यंत्र कधी मोठ्या गाभ्यावर चालतं कधी लहान गाभ्यावर, म्हणून त्याचे ठोके चुकत असतील. त्याला मोठ्या गाभ्यांवरच बांधून ठेवलं. वीज वाचवायची व्यवस्थाही बंद केली. घड्याळ सुतासारखं सरळ चालू लागलं. मला वाटलं, सापडलं. पण खात्री करावी म्हणून वीज वाचवणं पुन्हा चालू केलं. तरी घड्याळ बरोबर. आतल्या यंत्राला पुन्हा मोकळं सोडलं. तरी बरोबर. सगळं जसं होतं तसं पूर्ववत केलं, अगदी तीच ओळ, तेच भंगारातलं कार्ड. दोन दिवस मिनिटभरही मागे पडलं नाही. बिघाड परत यावा म्हणून मी देवाला हात जोडले असतील, असा तो एकच आठवडा.

ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं: आपलं यंत्र यादीत नाही. ज्या अनोळखी माणसाची ओळ मी वापरली होती त्यालाही लिहिलं. त्यानं कळवलं, माझ्याकडे असं कधी झालं नाही. मॅडमना मी सांगितलं, हे यंत्र इथून हलवा आणि यादीतला एखादा छोटा सर्व्हर घ्या. त्यांनी ट्रस्टकडून तो मंजूर करून घेतला, आणि तो येईपर्यंत आतल्या यंत्राला रोज सकाळी सहाला बंद करून सुरू करायचं ठरलं. उपाय कसला, मलमपट्टी.

पुढच्या शनिवारी मी पत्र लिहून नेलं. हातानं लिहिलं होतं, छापलेलं नव्हतं. का कोण जाणे, छापावंसं वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, आधी इंगळेताईंना दाखवा, फाइल त्यांची आहे. वंदनाताई तोवर पिशव्यांच्या खोलीत परत आल्या होत्या. हातमोजे काढून, चष्मा लावून, त्यांनी खिडकीशी उभं राहून पत्र वाचलं. दोन वेळा वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

मी लिहिलं होतं: "या चुकीच्या नोंदींत श्रीमती इंगळे यांचा बहुतेक काही दोष नसून, यंत्रातील घड्याळाच्या बिघाडामुळे असे झाले असावे."

"हे 'बहुतेक' काहून लिवलं?"

मी म्हणालो, "ताई, खरं सांगतो. घड्याळ का मागे पडलं ते मला अजून कळलं नाही. खोटं कसं लिहू? म्हणून तसं लिहिलं."

"ते तं ठीक आहे. घड्याळ काहून मागं पडलं ते तुमाले समजलं नाई, तं समजलं नाई म्हनून लिवा. तिथी दहा वेळा बहुतेक लिवा. माया नावापुढं कशाले?"

त्यांनी एप्रनच्या खिशातलं निळं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी 'बहुतेक' खोडलं, 'असावे' खोडून 'आहे' केलं, आणि दोन्ही खाडाखोडींपाशी सही केली. खाली नवी ओळ लिहिली: घड्याळ मागे पडण्याचे कारण मला समजलेले नाही.

त्यांनी पुन्हा वाचलं. मान हलवली. पत्राची घडी घातली आणि हातमोजे चढवत म्हणाल्या, "आता द्या मॅडमले."